दुसरा प्रश्न

"पहिले दोन खात्रीचे," तो म्हणाला. "खुर्ची आणि नदी. तिसरा शब्द घंटा असावा, पण तो मी अंदाजानं सांगतोय. पुढचे दोन गेले. शोधायला लावू नका, नाहीतच ते."

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पाच शब्द ऐकवायचे, मध्ये इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग ते शब्द परत विचारायचे, अशी ती परीक्षा होती.

"घंटा बरोबर आहे. म्हणजे तीन आले."

"तीन नाही, अडीच लिहा. घंटेपुढं प्रश्नचिन्ह काढा."

"कागदावर तशी सोय नाही हो, आजोबा."

"मग कागद चुकलाय," तो म्हणाला. "बरोबर आलं ते माझं नशीब. मला येत होतं असं नाही ते."

त्याची बायको शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसू आलं. नवऱ्याचा हा हट्ट तिच्या ओळखीचा होता. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि अंदाज असेल तर अंदाज आहे म्हणून सांगायचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं होतं, तेव्हाही तो म्हणाला होता, "साडीतलं मला कळत नाही. तू चांगली दिसतेस, ते खात्रीचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, माणसाच्या डोक्यात एक असते आठवण. आणि त्या आठवणीवर लक्ष ठेवणारं आणखी एक काहीतरी असतं. आपल्याला काय आठवतंय आणि काय नाही, हे ज्याला कळतं ते. एक राखणदार म्हणा. यांची आठवण गळतेय, पण राखणदार टक्क जागा आहे. पुष्कळांचा तो आधीच झोपतो."

"यांचा झोपेल?" तिनं विचारलं.

"झोपेल. कधी ते मी सांगू शकत नाही. पण एक आहे, तो झोपला की पेशंटला त्रास होत नाही. मग सोपं जातं."

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यातल्या प्रत्येकाला बरं करता येणार नाही हे सांगून, वर काहीतरी गोड हातावर ठेवून वाटेला लावायचं होतं. पण काही गोड गोष्टी सांगणाऱ्याच्या जिभेवरच गोड असतात. ऐकणाऱ्याच्या घशात त्या हाडासारख्या अडकतात.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो कठड्याला धरून थांबला.

"ऐकलंस? राखणदार झोपला की घरमालकाला त्रास नाही. घर धुऊन नेलं तरी त्रास नाही."

"तुमचं आपलं काहीतरी. चला, ऊन लागतंय."

"लागू दे. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि आत्ताच बोलायचंय. घरी जाईपर्यंत राहील न राहील."

तो गोदीत क्रेन चालवायचा. जमिनीपासून चार मजले उंच, काचेच्या खोक्यात बसून जहाजातला माल काढायचा नाहीतर जहाजात सोडायचा. गोदीत त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला 'वरचा' म्हणत. 'वरच्याची मर्जी', 'वरचा बघतोय रे' असे विनोद नोकरीभर झाले आणि प्रत्येक वेळी तो गालात हसला. खालच्यांना वाटायचं, एवढ्या उंचावरून याला सगळं दिसत असेल. प्रत्यक्षात जहाजाच्या पोटातलं त्याला काहीही दिसायचं नाही. दिसायचा फक्त एक हात. जहाजाच्या काठावर एक माणूस उभा असायचा, तो खाली पोटात बघायचा आणि वर इशारा करायचा. बोट गोल फिरलं की उचल. पंजा खाली झुकला की सोड. मूठ आवळली की थांब. बाकी कुणी कितीही ओरडो, मुकादम नाचो की कप्तान नाचो, वरच्यानं त्या एका हाताकडे बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आठवणीवर माल सोडायचा नाही. सकाळपासून त्याच जागी सोडत आला असलास तरी पुढच्या खेपेला हात बघायचाच. कारण खाली माणसं असतात आणि माणसं जागा बदलतात. एका क्रेनवाल्यानं जेवायच्या घाईत एकदा सवयीनं माल सोडला, तर खालच्या एकाचा हात कोपरापासून गेला.

काठावर उभा राहणारा त्याचा माणूस म्हणजे मुका. खरा मुका नव्हे. कामावर तोंडातून अवाक्षर काढायचा नाही, सगळं हातानं, म्हणून मुका. गोदीचं फाटक ओलांडलं की त्याच्या तोंडाला कुलूप घालायला कुणी जन्मला नव्हता. दोघांनी मिळून अख्खी नोकरी काढली. एक वरून, एक खालून. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी मुका घरी यायचा आणि दोघे ओट्यावर बसून जगाला शिव्या घालायचे.

"आता मला पोटातलं दिसत नाही," पायरीवर उभा राहून तो म्हणाला. "तू काठावर उभी राहा. मी विचारीन, तू खरं ते सांगायचं. माया नको, दया नको. मूठ तर मूठ."

"आणि ऐकून रडलात तर?"

"रडू दे की. रडणारा मीच असेन ना?"

तिनं "बरं" म्हटलं. बायका आयुष्यात किती वेळा बरं म्हणतात त्याला मोजदाद नाही, पण हे बरं उचलताना त्याला काय वजन आहे ते तिला कळलं होतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

मुका तीन वर्षांपूर्वी वारला होता. छातीत पाणी झालं आणि पंधरवड्यात गेला. खांदा द्यायला हा पुढे होता.

आणि आजारानं बरोबर तिथंच घाव घातला. सहा महिन्यांत त्याच्या डोक्यातून मुक्याचं मरण पुसलं गेलं, मुका मात्र राहिला. आजाराला एवढीही अक्कल नव्हती की दोन्ही एकदम न्यावं.

"मुका आला नाही अजून?"

ती काज-बटणांचं काम करायची. शिंप्याकडून शर्टांचा गठ्ठा यायचा, दाराशी उजेडात बसून ती बटणं लावायची. ती सुई कापडात टोचून ठेवायची, त्याच्याकडे बघायची आणि सांगायची.

"ते वारले."

त्याचा चेहरा आधी रिकामा व्हायचा. मग भिंतीवरून पाणी उतरावं तसं दुःख वरून खाली उतरायचं. ओठ, मग हनुवटी, मग हात. बघवायचं नाही. पण ती बघायची, कारण काठावरच्यानं तोंड फिरवायचं नसतं.

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

आणि मग थोडं थांबून, डोळे बारीक करून, तो दुसरा प्रश्न विचारायचा.

"हे मी आधी विचारलंय का तुला?"

"विचारलंय."

"आज?"

"आजसुद्धा."

"रडलो होतो?"

"सकाळी पुष्कळ रडलात."

"हं," तो म्हणायचा. "म्हणजे हे जुनंच रडू आहे. उगाच नव्यासारखं वाटतंय." आणि बाहीनं डोळे पुसून ताठ बसायचा. कधी कधी हसायचाही. "मुक्याला कळलं असतं ना, की मी त्याला दिवसातून दोनदा मारतो, तर म्हणाला असता, अरे, एकदाच नीट मार, रोज काय अंत्ययात्रा!"

हळूहळू तिच्या लक्षात आलं की पहिला प्रश्न आजार विचारतो. दुसरा प्रश्न तो विचारतो. मुका आला नाही का, असं विचारणारा म्हातारा कुणीही होता, अंधारात चाचपडणारा. पण 'हे मी आधी विचारलंय का' म्हणणारा तिचा नवरा होता, ज्यानं घंटेपुढं प्रश्नचिन्ह काढायला लावलं होतं तोच. त्या एका प्रश्नाच्या खिडकीतून तो दिवसातून दोनदा-तीनदा तिला दिसायचा. पहिल्या प्रश्नाचं विष ती त्याला पाजायची ती या दुसऱ्या प्रश्नासाठी. वाट बघायची त्याची. हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच दवाखान्यात नेलं असतं.

मुलीनं तर तिला जवळजवळ तसं म्हटलंच. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. चार दिवसांसाठी आली आणि पहिल्याच दुपारी तिनं हा प्रकार बघितला. आईला स्वयंपाकघरात ओढून तिनं दार लोटलं.

"आई, तू माणूस आहेस की दगड? रोज त्यांच्यासमोर मुकाकाकांना मारतेस?"

"मी नाही मारत. ते मेलेत."

"येतील म्हणून सांगितलं तर काय बिघडतं तुझं? पाच मिनिटांत विसरतात ते. तेवढी पाच मिनिटं तरी सुखात जाऊ देत."

"माझी त्यांच्याशी बोली झालीय."

"बोली माणसाशी असते, आई. आजाराशी नसते."

"आणि माणूस कुठाय मग? तूच सांग. त्या खुर्चीत कोण बसलंय?"

"तू ना, खरं बोलायच्या नादात त्यांचे हाल करतेयस. तुला बरं वाटतं म्हणून. तुझ्या त्या बोलीचं कौतुक तुला!"

हे मात्र तिला लागलं. कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. तो उभा होता.

"दार लोटून बोलायचं तर हळू बोलावं," तो म्हणाला. "मी डोक्यानं गेलोय, कानानं नाही."

मुलगी लाजली. "बाबा, मी तुमच्यासाठीच…"

"माहीतेय. ये, बस." त्यानं तिला पाटावर बसवलं, स्वतः दाराच्या चौकटीला टेकला. "तू शाळेत असताना तुझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. हे खात्रीचं आहे ना गं?"

"खात्रीचं," बायको म्हणाली.

"तर तेव्हा तुला भूल दिली होती. पोट फाडलं, शिवलं. दुखलं तुला?"

"नाही."

"मग सुखात होतीस का?"

"सुखात कुठली? बेशुद्ध होते मी. मला कळतच नव्हतं काही."

"हां," तो म्हणाला. "तुम्ही सगळे मला त्या सुखात ठेवायला निघालात. डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाल्या. अंदाजानं सांगतोय, असं काहीसं म्हणाल्या. ठेवा ना सुखात. पण ठेवणार कुणाला? मी तिथं नसेन."

मुलगी रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "का रडतेस?" त्याला खरंच समजेना. बोलणं त्याच्या हातातून निसटलं होतं. पण लगेच तो बायकोकडे वळला. "मीच काही बोललो का हिला?"

"बोललात. पण बरोबर बोललात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

मुलगी गेली. जाताना आईला मिठी मारली, पण ती मिठी वेगळी होती, वेड्या माणसाला शहाणी माणसं मारतात तशी.

मुक्याची बायको मात्र गावातच होती. ती आठवड्यातून एकदा यायची. तीही काज-बटणांचंच काम करायची. दोघी समोरासमोर बसायच्या आणि शर्टांच्या ढिगावरून बोलायच्या. ती आली की हा बहुतेक झोपलेला असायचा, किंवा त्या दोघी तशी वेळ साधायच्या. पण एकदा तो जागा निघाला. दोघींचं बोलणं ऐकून बाहेर आला आणि आनंदानं म्हणाला, "वहिनी! अहो, एकट्याच? मुका कुठं राहिला?"

मुक्याच्या बायकोनं सुई उचललेली तशीच धरली. आणि मग, त्याच्या बायकोनं तोंड उघडायच्या आत, ती म्हणाली, "येताहेत की मागून. कोपऱ्यावर कुणीतरी भेटलंय, गप्पा मारत उभे आहेत. तुम्हाला माहीतच आहे त्यांचं."

"माहीत नाही तर काय!" तो हसला. "कोपऱ्यावरच्या कुत्र्याशीसुद्धा बोलेल तो."

मुक्याची बायको हसली. खूप दिवसांनी तिच्या तोंडावर असं हसू आलं होतं, दात दिसेपर्यंत. आणि त्या हसण्याच्या मध्येच तो थांबला. त्याच्या आत कुठेतरी काहीतरी खटकलं. त्यानं बायकोकडे बघितलं. गोदीतल्या नियमानं, सगळे ओरडत असले तरी एकाच हाताकडे बघायचं, तसं.

"खरं का गं?"

ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. नुसतं शर्टात डोकं घातलं असतं तरी निभावलं असतं. ती म्हणाली, "नाही. ते वारले. तीन वर्षं झाली."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख उतरलं. मग डोळे बारीक झाले. "हे मी आधी विचारलंय का?"

"हो."

"वहिनींसमोर?"

"नाही. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच."

तो मुक्याच्या बायकोसमोर हात जोडून उभा राहिला. "वहिनी, माफ करा. माझ्या डोक्यात भोक पडलंय. त्यातून तुमचीच खपली निघाली." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

मुक्याच्या बायकोनं आपले शर्ट गोळा केले, घड्या न घालता पिशवीत कोंबले.

"वहिनी, माझा त्यांना शब्द…"

"ताई, शब्द तुमचा, नवरा माझा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "तीन वर्षांत पहिल्यांदा माझा माणूस रस्त्यानं चालत येत होता. तुमच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. तुम्ही त्याला तिथनं हाकललंत."

"मला कळतंय…"

"नाही कळत. तुमचा अजून घरात आहे."

त्यानंतर ती यायची थांबली.

पावसाळा संपला, हवा कोरडी झाली. दुसरा प्रश्न उशिरा यायला लागला. पूर्वी तो पहिल्याच्या पाठोपाठ यायचा, आता मध्ये लांब मोकळी जागा पडायची. तो डोळे बारीक करायचा, काहीतरी शोधायचा, ती श्वास रोखून बघत राहायची. कधी अर्धाच यायचा. "हे मी…" म्हणायचा आणि पुढचं हरवायचं. ती पुढचं बोलून द्यायची नाही. जीभ चावायची, पण द्यायची नाही. दिलं असतं तर तो प्रश्न तिचा झाला असता. एकदा मात्र राहवलं नाही.

"आणखी काही विचारायचंय का तुम्हाला?"

त्यानं बराच विचार केला. "काहीतरी होतं खरं," तो म्हणाला. "महत्त्वाचं होतं. काय ते सापडत नाहीये. पण होतं, हे खात्रीचं."

एवढ्यावरसुद्धा ती दोन दिवस जगली. शेजारीपाजारी म्हणायचे, काकूंचं कौतुक आहे, कसं सगळं हसतमुखानं करतात. कपाळ! हसतमुखानं करत होती कारण घरात अजून कुणीतरी होतं. इशारा करणारा कितीही शहाणा असला तरी वरच्यानं बघायला तर हवं ना. काठावर उभं राहून हात हलवायचे आणि वरचं खोकं रिकामं, याची तिला भीती होती. मरणाची नव्हती. मरणाला तरी लोक येतात.

त्या दुपारी रेडिओ लावलेला होता. तिनं चहा केला, एक कप त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला.

"मुका आला नाही अजून?"

"ते वारले."

"अरेरे!" तो म्हणाला. चेहरा पडला, पण खाली उतरता उतरता दुःख मध्येच कुठेतरी थांबलं. "कधी?"

"तीन वर्षं झाली."

"चांगला माणूस होता," तो म्हणाला आणि दुसरा घोट घेतला.

ती वाट बघत राहिली. रेडिओवरचं गाणं संपून दुसरं लागलं. तिच्या चहावर साय धरली. त्यानं आपला कप संपवला, खाली ठेवला, मिशी पुसली. डोळे बारीक झाले नाहीत. काही शोधलं नाही त्यानं. काही शोधायचं होतं याचाही मागमूस नव्हता.

मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. न विचारता सांगितलं.

"हे तुम्ही मला आधी विचारलंय."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मोकळेपणानं हसला. "छे! मी कशाला विचारीन? आत्ता तर कळलं."

"रोज विचारता."

"नाही गं," तो म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. आजच पहिल्यांदा."

चांगलं आठवतंय. ज्यानं अडीच लिहा म्हणून डॉक्टरशी वाद घातला, तो माणूस ठणकावून सांगत होता की मला चांगलं आठवतंय. त्याच्या आवाजात कुठेही प्रश्नचिन्ह नव्हतं. आयुष्यात इतक्या खात्रीनं तो कधी बोलला नव्हता, आणि इतकं चूकही.

तिनं रिकामा कप उचलला. मोरीत जाऊन विसळला. परत आली तेव्हा तो रेडिओच्या तालावर खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होता. कपाळावरची आठी, जी गेली दोन वर्षं इस्त्रीच्या चुकलेल्या घडीसारखी बसली होती, ती गेली होती. दिसत होता मात्र छान. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्रास संपला होता.

"मुका आला नाही अजून?" त्यानं विचारलं.

"येताहेत," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि बोटं वाजवत राहिला.

पहिलं खोटं. तिला वाटलं होतं, जीभ झडेल. काही झालं नाही. किती सहज निघालं ते! ज्याला शब्द दिला होता, तो शब्दाचा जाब विचारायला उरला नव्हता. आणि जो उरला होता त्याला फसवणं म्हणजे फसवणंच नव्हतं. मुलगी बरोबर बोलली होती, बोली माणसाशी असते.

त्याच वेळी मुलीचा फोन आला. रोज यायचा.

"बाबा कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"रडले नाहीत आज?"

"नाही. मी सांगितलं, मुकाकाका येताहेत म्हणून."

"अगं बाई! ऐकलंस तर माझं एकदाचं," मुलीचा आवाज एकदम हलका झाला. "बघ आता, तुलाही किती सोपं जाईल. म्हणत नव्हते मी?"

"म्हणत होतीस," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला कुणालातरी सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? माणूस गेला की सांगायला तयार वाक्यं असतात. गेले हो. लोक काम टाकून धावत येतात, कुणी पाणी देतं, कुणी पाठीवरून हात फिरवतं. इथं गेलेला माणूस धडधाकट खुर्चीत बसून गाणं ऐकत होता. जेवायला वेळेवर मागणार होता. कुणाच्या दारात जाऊन रडणार? हाकलून देतील. म्हणतील, ताई, तुमचा अजून घरात आहे.

ती ओट्याच्या पायरीवर येऊन बसली. शर्ट मांडीवर होता, सुईत दोरा होता. बटण हातात धरून ती नुसतीच बसली.

ऊन उतरल्यावर मुक्याची बायको आली. इतक्या दिवसांनी आली ती काही रुसवा काढायला नव्हे. शिंप्यानं दोघींचे गठ्ठे तिच्याकडेच दिले होते, आणि शर्टांवर माणसं रागावत नाहीत. फाटकातूनच ती ठरवून आणल्यासारखं म्हणाली, "हे तुमचे शर्ट. निळ्यांना पांढरी बटणं सांगितलीत…"

आणि थांबली. पायरीवर बसलेल्या बाईकडे तिनं नीट बघितलं. आत रेडिओ चालू होता, त्यासोबत तो गुणगुणत होता. तेही तिनं ऐकलं. गठ्ठा हळूच खाली ठेवला.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"दुपारी," ती म्हणाली. "चहा घेताना."

सुटले, बरं झालं, देवाची कृपा, यातलं एकही अक्षर मुक्याची बायको बोलली नाही. पायरीवर चढली, तिच्या शेजारी अंगाला अंग लावून बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथं पडल्यावर तिला रडू आलं. मोठ्यानं नाही. पदर तोंडात धरून, मान खाली घालून, बराच वेळ.

आतलं गुणगुणणं थांबलं. तो दारात आला. दोन बायका अशा बसलेल्या बघून जागच्या जागी थबकला. चेहरा गंभीर झाला. असल्या वेळी कसं वागायचं ते त्याच्या अंगात होतं, तिथपर्यंत आजार अजून पोचला नव्हता.

"कुणी गेलं का?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

तिनं मान वर केली. मुक्याच्या बायकोचा हात पाठीवर घट्ट झाला.

"हो," ती म्हणाली.

"कोण?"

"घरातलं माणूस."

"अरेरे," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

तो आत गेला आणि त्यानं रेडिओ बंद केला. मग सदऱ्याचं वरचं बटण लावत बाहेर आला आणि फारशी ओळख नसलेली माणसं बसतात तसा, दोघींपासून जरा अंतर ठेवून, खालच्या पायरीवर मान खाली घालून बसला.